भूकंपरोधक इमारत कशी उभारावी (संगणकावर)

अभिनंदन! सिव्हिलची डिग्री हातात पडली, जामनेरात झेरॉक्सच्या दुकानावरचा दहा बाय बाराचा गाळा भाड्याने मिळाला आणि दारावर ‘स्ट्रक्चरल कन्सल्टंट’ अशी पाटीही लागली. आता पहिलं गिऱ्हाईक येईल. पहूर रोडला त्याचा प्लॉट असेल, कपाशीचे पैसे नुकतेच हातात आलेले असतील आणि त्याला खाली पार्किंग, वर तीन मजले आणि सगळ्यात वर पाण्याची टाकी अशी बिल्डिंग हवी असेल. सगळं बोलून झाल्यावर, चपला घालता घालता तो म्हणेल, “आन् ते भूकंपाचं बी बघून घ्या सायेब.”

घाबरू नका. भूकंपाचं बघून घेणं अगदी सोपं आहे. एक लॅपटॉप, लाईट गेली तर इन्व्हर्टर, ईटॅब्स किंवा स्टॅड प्रो यांपैकी एक सॉफ्टवेअर (कुठून आणलं हे चारचौघांत विचारत नसतात) आणि खालच्या पायऱ्या, एवढ्यावर भागतं.

१. नवीन फाईल उघडू नका

‘न्यू मॉडेल’ हे बटण कॉलेजच्या पोरांसाठी असतं. धंदा करणाऱ्याने जुनी फाईल उघडून ‘सेव्ह अ‍ॅज’ करायचं. तुमच्या सीनियरने पेनड्राइव्हवर दिलेली कुठल्याशा हॉस्पिटलची फाईल घ्या, ग्रिड बदला, मजले कमी करा. भार, माती, लोड कॉम्बिनेशन सगळं आयतं मिळतं. ही मूळ फाईल करताना कोणीतरी, कधीतरी विचार केला असेल, यावर श्रद्धा ठेवा. सीनियरनेही तेवढंच केलं होतं. फार तर एखाद्या दुमजली घराच्या बेडरूमवर लिफ्टच्या मशीन रूमचा भार राहून जाईल. राहू द्या. जास्तीचा भार कधी कोणाला नडला आहे?

२. झोन निवडा

इथे एक छोटी खिडकी उघडते आणि तुमच्यासमोर दोन, तीन, चार, पाच असे पर्याय येतात. जळगाव जिल्हा तिसऱ्या झोनमध्ये आहे. त्याचा आकडा ०.१६. पण पहूरवरून फर्दापूर ते किती लांब? अर्ध्या तासाचा रस्ता. फर्दापूर म्हणजे संभाजीनगर जिल्हा, आणि तो दुसऱ्या झोनमध्ये; त्याचा आकडा ०.१०. आता भूकंप काय जिल्ह्याची हद्द बघून येतो का? नाही ना? मग तुम्ही तरी कशाला बघता?

हिशेब करून बघा, म्हणजे हात थरथरणार नाही. बारा मीटर उंचीची इमारत, वजन हजार टन, माती मध्यम. भूकंपाच्या कोडप्रमाणे, म्हणजे आय.एस. १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीप्रमाणे, तिसऱ्या झोनमध्ये तिच्या तळाशी चाळीस टनांचा आडवा जोर धरावा लागतो. झोन दोन केला की पंचवीस. माऊसच्या एका टिचकीत पंधरा टन भूकंप गायब! महाराष्ट्रात इतक्या वेगाने दुसरं कोणतंही संकट टळत नाही.

एखादा शहाणा सहकारी सांगेल की १४ मार्च १९३८ रोजी आपल्या उत्तरेला, सातपुड्यातच सहा रिश्टरच्या वरचा धक्का बसला होता. त्याला विचारा, “तेव्हा तू होतास का?” तो आणखी सांगेल की ३० सप्टेंबर १९९३ ला, अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक झोपलेले असताना किल्लारी हललं, हजारो माणसं गेली, आणि त्या दिवसापर्यंत नकाशात तो सगळा भाग झोन एकमध्ये, म्हणजे देशातल्या सगळ्यात निर्धास्त पट्ट्यात रंगवलेला होता. पुढे २००२ साली झोन एकच नकाशातून काढून टाकला. यातून नवशिक्याने एवढंच घ्यायचं की नकाशे बदलत असतात. आपणही थोडा बदलला तर काय बिघडलं?

३. ‘आर’ पाच धरा

हा आकडा समजून घ्या, कारण तुमची सगळी कमाई यात आहे. इमारत ताठ राहून भूकंपाशी झुंजणार नाही, वाकेल, भेगाळेल, पण माणसं बाहेर पडेपर्यंत उभी राहील, असं तुम्ही कबूल केलंत की कोड तुम्हाला आडव्या जोरात घसघशीत सूट देतो. साध्या चौकटीला आर तीन, आणि आय.एस. १३९२० प्रमाणे लोखंड बांधलेल्या लवचिक चौकटीला पाच. वरच्या उदाहरणात पाच धरले की चाळीस टन, तीन धरले की जवळपास सदुसष्ट. शिवाय तिसऱ्या झोनपासून पुढे साधी चौकट चालतच नाही.

तेव्हा सॉफ्टवेअरमध्ये पाच टाका. सूट आगाऊ घ्यायची, अट साईटवर उधार ठेवायची. उधारी वसूल करायला कोण येतो ते नवव्या पायरीत बघू.

४. माती

काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसाळ्यात फुगून जोत्याच्या फरशा उचलते, हे तुम्हाला लहानपणापासून माहीत आहे. ते विसरा. खाली ‘फिक्स्ड सपोर्ट’ टाका; काळ्या मातीचा काळा कातळ होतो. माती परीक्षणाचा रिपोर्ट लागलाच, तर शेजारच्या प्लॉटचा आहे. मालक म्हणतोच, “आपल्याकडं पाच फुटावर मुरूम लागते.” प्रत्येक मालकाच्या प्लॉटात पाच फुटांवर मुरूम लागतो. खांदताना आठ फुटांवरही काळीच निघाली, तर तो जेसीबीवाल्याचा दोष.

५. नऊ इंची कॉलम

ही या शास्त्रातली सगळ्यात अवघड पायरी, म्हणून जरा थांबू.

तुम्ही उत्साहाच्या भरात बारा इंच रुंदीचा कॉलम काढाल. कॉलेजात शिकवलेलं असतं की १३९२० च्या २०१६ च्या आवृत्तीत कॉलमची कोणतीही बाजू ३०० मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. मालक नकाशा टेबलावर पसरेल, हॉलच्या कोपऱ्यावर बोट ठेवेल आणि म्हणेल, “हा कॉलम बाहेर निघी राहिला ना भो. सोफा कुठं ठिवू?” त्याच्यासोबत आलेला मेहुणा, जो सुरतेला कापडाच्या धंद्यात आहे, तो सांगेल की तिकडे सात मजल्यांना नऊ इंचच असतात. मालकीणबाई दारातूनच सांगतील की कोपरा निघाला तर वास्तूला चालत नाही. तीन इंचांसाठी एवढी माणसं जमलेली तुम्ही याआधी फक्त शेताच्या बांधावर बघितली असतील.

वाद घालू नका. भिंत नऊ इंच, म्हणून कॉलम नऊ इंच. रुंदी गेली तर लांबी वाढवा: नऊ बाय अठरा, नऊ बाय चोवीस. सगळे कॉलम एकाच दिशेने आडवे पडतील आणि इमारत एका बाजूने पहिलवान, दुसऱ्या बाजूने पाप्याचं पितर होईल. त्याचं काही नाही. भूकंपाला विनंती करायची की पूर्व-पश्चिम ये, उत्तर-दक्षिण येऊ नको.

बीम मात्र खोल ठेवा, अठरा-एकवीस इंच, कारण खाली पार्किंगमध्ये मालकाला मोठे गाळे लागतात. कोड म्हणतो की जोडापाशी कॉलमची एकूण ताकद बीमच्या ताकदीच्या निदान १.४ पट पाहिजे. म्हणजे मोडायचंच झालं तर आधी बीम मोडावा, कॉलम उभा राहावा, छप्पर डोक्यावर येऊ नये. आपण याच्या नेमकं उलट बांधतो. सॉफ्टवेअर जोडांच्या तपासणीत हे लाल अक्षरांत सांगतं. म्हणून ती तपासणी छापायची नसते.

मालकाला पहिल्या मजल्यावर पुढे चार फूट गॅलरी हवी असेल आणि दुसऱ्या मजल्यावर त्या गॅलरीचीच खोली करायची असेल, तर त्या गॅलरीच्या टोकावर एक कॉलम उभा करून द्या. खाली जमिनीपर्यंत तो जात नाही एवढाच काय तो फरक. कोड अशा तरंगत्या कॉलमला नको म्हणतो, पण कोड लिहिणाऱ्यांना चार फूट फुकटची जागा कधी मिळालेली नसावी.

६. भिंती विसरा

भिंतींचं वजन तेवढं बीमवर टाका; भिंत म्हणून मॉडेलमध्ये घेऊ नका. घेतली तर भलतंच दिसायला लागतं. वरच्या तीन मजल्यांत विटांच्या भिंती ठासून भरलेल्या, त्यामुळे ते ताठ. खाली पार्किंग, तिथे एकही भिंत नाही. जमीन हलली की वरचे तीन मजले एका डब्यासारखे सरकतात आणि सगळा वाकण्याचा भार तळमजल्याच्या त्या नऊ इंची कॉलमवर येतो. भिंती नसलेल्या मॉडेलमध्ये मात्र चारही मजले गुण्यागोविंदाने सारखेच डुलतात. आपल्याला तेच पाहिजे.

२६ जानेवारी २००१ ला भूजजवळ धक्का बसला, आणि तिथून दोनशे किलोमीटरहून लांब असलेल्या अहमदाबादेत खाली मोकळं पार्किंग आणि वर फ्लॅट अशा कितीतरी इमारती बसल्या. अहमदाबाद कोणत्या झोनमध्ये आहे, असं कोणी विचारलं तर विषय बदला. (तिसऱ्या. आपल्याच.)

इथे एक सावधगिरी. आय.आय.टी. कानपूर आणि बी.एम.टी.पी.सी. यांनी प्रा. सी. व्ही. आर. मूर्ती यांच्याकडून लिहून घेतलेल्या चोवीस ‘भूकंप टिपा’ चित्रांसकट फुकट मिळतात. दोन-दोन पानांच्या आहेत, गवंड्यालाही कळतील अशा. त्या वाचू नका. एकदा वाचल्या की पार्किंगवाली बिल्डिंग बघताना पोटात गोळा येतो, आणि जामनेरात राहून पोटात गोळा घेऊन किती दिवस काढणार?

७. ‘रन’ दाबा

आता चहा सांगा. तो येईपर्यंत उत्तर आलेलं असेल. सोबत एक पिवळी सूचनाही असते: रचना अस्थिर आहे, अमुक सांध्यावर अचूकता गमावली, वगैरे. सॉफ्टवेअर परदेशी आहे, त्याला आपल्याकडच्या कामाची सवय नाही. ‘ओके’ दाबा.

मग लाल कॉलम दिसतील. लाल म्हणजे भार सोसत नाही. नवशिक्याला वाटतं की आता कॉलम मोठा करावा लागणार. अजिबात नाही. पुढचे उपाय याच क्रमाने करा:

काँक्रीट एम-२० चं एम-३० करा. साईटवर काय होणार आहे ते तुम्हाला माहीत आहे: वाळूची घमेली मोजून, खडीची अंदाजाने, आणि पाणी मिस्त्रीच्या मनाने, पाइप सोडून. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत दुपारी बारा वाजता भरलेल्या कॉलमला गोणपाट गुंडाळलेलं असेल आणि ते गोणपाट संध्याकाळपर्यंत कोरडं ठणठणीत झालेलं असेल. पण पडद्यावर एम-३०, आणि कॉलम पिवळा.

अजून लाल असेल तर भेगाळलेल्या काँक्रीटचा हिशेब उडवा. कोड सांगतो की बीमचा ताठपणा मूळच्या ३५ टक्के आणि कॉलमचा ७० टक्के धरा. शंभर धरा. मजल्यांचं डोलणं लगेच आटोक्यात येतं.

तरीही एक-दोन हट्टी कॉलम उरतात. बहुतेक वेळा त्यांचं दुखणं ‘शून्य पॉइंट नऊ डेड, अधिक दीड भूकंप’ या कॉम्बिनेशनमध्ये असतं. ते कॉम्बिनेशन काढून टाका. लोड कॉम्बिनेशन चाळीसच्या घरात असतात. त्यातून एक-दोन गेली तर कोणाच्या लक्षात येतं?

सगळं हिरवं झालं की लॅपटॉप मालकाकडे वळवा. मोडचं ॲनिमेशन लावा, हलण्याचं प्रमाण दोनशेपट करा. बिल्डिंग लग्नातल्या पोरांसारखी नाचते. मालकाचे डोळे विस्फारतात. तो विचारतो, “एवढी हलते?” तुम्ही शांतपणे म्हणता, “हलते, पण पडत नाही.” फीचा निम्मा भाग या एका वाक्याचा आहे.

८. लोखंड घटवा

संध्याकाळी ठेकेदाराचा फोन येईल. तो तुम्हाला बीमचा मोमेंट विचारणार नाही, ड्रिफ्ट विचारणार नाही, एकच विचारेल: “चौरस फुटाला किती किलो बसतं?” चारच्या आत सांगितलंत तर तुम्ही इंजिनिअर, पाच म्हणालात तर पुस्तकी किडा. तेव्हा डिझाइन उलटं करायला शिका: आधी किलो ठरवायचे, मग त्यात भूकंप बसवायचा.

९. रिंगा, किंवा उधारीची वसुली

आता एकदाच साईटवर जा. एकदाच, जास्त गेलात तर मालक तुम्हाला सुपरवायझर समजून फरशीचे भाव विचारायला लागेल.

फिटर फळीवर ठोकलेल्या खिळ्यांमध्ये आठ एम.एम.ची सळई अडकवून रिंगा वाकवत असतो. हात इतका बसलेला की बोलता बोलता, तंबाखू मळता मळता, मिनिटाला एक रिंग पडते. शेवटचं वाकण तो काटकोनात देतो आणि रिंग ढिगावर टाकतो. तुमच्या ड्रॉइंगमध्ये तिथे १३५ अंशांचा हूक आहे, आणि हूकचं टोक पासष्ट मिलिमीटर आत, काँक्रीटच्या पोटात गेलेलं आहे. तुम्ही त्याला ते दाखवा. तो ड्रॉइंग उलटंसुलटं करून बघेल आणि म्हणेल, “सायेब, वीस वर्षं झाली, असा हूक कोनी मागितला नाही.” तो खरं बोलतो आहे. १३९२० पहिल्यांदा निघाला तो १९९३ साली, म्हणजे किल्लारीच्याच वर्षी. पण गुंठ्या-गुंठ्याच्या प्लॉटांवर तो घेऊन जायला कोणी गेलं नाही.

काटकोन आणि १३५ मधला फरक पंचेचाळीस अंशांचा. कॉलम हलायला लागला की वरचं आवरणाचं काँक्रीट आधी निखळतं. काटकोनी हूकला तेवढ्या आवरणाचाच आधार. ते गेलं की रिंग सुटते, उभ्या सळया बाहेर फुगतात आणि आतलं काँक्रीट खडीसारखं खाली पडतं. आत वळलेला हूक मात्र गाभ्याला धरून बसतो, म्हणून कॉलम तुटक्या अवस्थेतही उभा राहतो. तिसऱ्या पायरीत आर पाच धरून घेतलेली सगळी सूट या वाकणावर उभी आहे.

कॉलमच्या दोन्ही टोकांना रिंगा चार इंचांपेक्षा लांब चालत नाहीत, हेही ड्रॉइंगमध्ये लिहिलेलं असेल. साईटवर त्या सहा-सात इंचांवर आहेत. बीम-कॉलमच्या जोडात तर एकही नाही, कारण तिथे हात शिरत नाही. तुम्ही हात घालून बघा. शिरत नाही, हे मान्य करा, आणि सेंटरिंगवाल्याचा दिवसाचा रोज भरून देणार का, असं ठेकेदाराने विचारायच्या आत दुचाकीला किक मारा.

१०. रिपोर्ट छापा

सॉफ्टवेअर मागाल तितकी पानं देतं. किमान अडीचशे काढा. स्पायरल बाइंडिंग, पारदर्शक कव्हर, पहिल्या पानावर रंगीत थ्री-डी चित्र, कडेला दोन नारळाची झाडं. जाड रिपोर्ट कोणी उघडत नाही, पातळ उघडतात. वर स्टॅबिलिटी सर्टिफिकेट, त्यावर तुमचा शिक्का आणि सही. परवानगीच्या फाईलला तेवढं पुरतं. ‘कोडनुसार भूकंपाचा विचार केला आहे’ असं वाक्य त्यात असतं आणि ते शंभर टक्के खरं आहे. विचार केलाच होता.

११. वरच्या सळया

स्लॅबच्या वर प्रत्येक कॉलमच्या सळया तीन-चार फूट काढून ठेवा. पुढे पोरगा नोकरीला लागेल, त्याचं लग्न होईल, मग आणखी दोन मजले चढवायचे असतात. जामनेर ते पाचोरा एसटीच्या खिडकीतून गच्च्या बघत या: जागोजाग गंजलेल्या सळया आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत, एखादीच्या टोकाला पाण्याची रिकामी बाटली उलटी घातलेली. तुमच्या मॉडेलमध्ये ते दोन मजले नाहीत. नसू द्या. पंधरा वर्षांनी मालकाचा पोरगा जुना नकाशा घेऊन तुमच्याकडे येईल आणि तुम्ही पहिल्या पायरीपासून परत सुरू कराल. फाईल तयारच आहे.

१२. फी

टाइल्स निवडायला मोरबीला दोनदा जाऊन आलेला माणूस तुमच्या फीमधले दोन हजार कमी करण्यासाठी तासभर बसेल. बसू द्या, चहा पाजा, पण अर्धी रक्कम ड्रॉइंग देताना आणि उरलेली स्लॅब पडायच्या आत रोख घ्या. एकदा स्लॅब पडला की कोणी फोन उचलत नाही.